गाडी विकली, नाव मात्र राहिलं : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न जुन्या गाड्यांच्या नावबदलाचे आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मोटारसायकल (एमएच ११) ओळखीतून विकली. टीटीओ (नावबदलाच्या) फॉर्मवर सह्या करून दिल्या, पाचशेच्या बाँडवर करारही झाला. घेणाऱ्याने ती पुढे कुणाला तरी विकली म्हणतात. आता पुण्यातले ई-चलन माझ्या मोबाइलवर येतात. फोन केला तर "करतो, करतो" म्हणतो. काय करावं? — कोरेगाव

उत्तर : बाँड तुमच्या दोघांतला व्यवहार सिद्ध करतो, पण त्याने आरटीओच्या दप्तरातलं नाव बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात हेच ठरवलं. ती गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर होती. अपघाताची भरपाई त्याच्यावरच आली. चलनाची रक्कम त्यापुढे किरकोळ आहे. खरी काळजी अपघाताची करा.

म्हणून आधी विमा पाहा. परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. ती संपली असेल, तर नाव बदलेपर्यंत थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा तुम्हीच उतरवून टाका, असं आमचं स्पष्ट मत आहे. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला २०२२ च्या दरपत्रकानुसार वर्षाला ७१४ रुपये अधिक कर पडतो. दुसऱ्याच्या गाडीचा हप्ता आपण का भरायचा, असं मनात येणारच. पण कागदावर ती गाडी तुमचीच आहे.

दुसरं काम फॉर्म २९ चं. हा विक्रीची सूचना देण्याचा नमुना आहे आणि तो देण्याची जबाबदारी कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याची असते : राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात विकली तर ४५ दिवसांत. मुदत टळली म्हणून देता येत नाही असं नाही, थोडा दंड बसू शकतो. फॉर्म नव्याने भरा, घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि ताबा दिल्याची तारीख लिहा, कराराची व त्याच्या आधारची प्रत जोडा आणि सातारा कार्यालयात आवक शिक्का घेऊन द्या. जाणं जमत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत घेणाऱ्यालाही पाठवायची असते. एवढ्याने तुमचं नाव निघणार नाही, कारण त्यासाठी घेणाऱ्याचा फॉर्म ३० (नावबदलाचा अर्ज) लागतो. पण तुम्ही कळवलं होतं ही नोंद राहते.

चलनं आली की सोडून देऊ नका. प्रत्येक चलनाबरोबर फोटो, ठिकाण आणि वेळ असते, ते उतरवून ठेवा. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. त्याचाच उपयोग करून घ्या : घेणाऱ्याचं नाव, पत्ता, ताब्याची तारीख लिहून चलनाच्या तक्रार सुविधेत द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही अर्ज देऊन पोच घ्या. मग त्या पोचेची प्रत घेणाऱ्याला पाठवा. नुसत्या फोनने न हललेला माणूस पोलीस ठाण्याचा शिक्का पाहून बऱ्याचदा हलतो.

गाडी ज्याच्या हातात आहे तो सापडला आणि कागद करायला तयार असेल, तर थेट त्याच्या नावाने नवे फॉर्म करून द्या. मधल्याच्या नावाचा हट्ट धरू नका. मात्र सह्या करण्याआधी घेणाऱ्याचं नाव आणि तारीख तुमच्यासमोर भरून घ्या. कोऱ्या फॉर्मवरच्या सहीमुळेच गाडी तुम्हाला न विचारता हातोहात फिरली.

प्रश्न : पुण्याची एमएच १२ कार घेतोय. नंबर बदलेल का? अर्ज पुण्यात करायचा की सांगलीत? कागद कोणते, खर्च किती? — तासगाव

उत्तर : राज्य तेच आहे, त्यामुळे नंबर एमएच १२ च राहतो. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या राहत्या पत्त्याच्या कार्यालयात, म्हणजे तुमच्या बाबतीत सांगलीत, कळवायचं असतं. (सातारा जिल्ह्यातल्या वाचकांसाठी : कराड आणि पाटण तालुक्यांचं कार्यालय कराड, एमएच ५०. बाकी बहुतेक तालुके सातारा, एमएच ११.)

अर्ज परिवहनच्या 'वाहन' पोर्टलवर होतो. गाडीचा नंबर आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक टाकले की नोंदीतल्या मोबाइलवर ओटीपी जातो. घोळ सर्वांत जास्त इथेच होतो. जुन्या गाड्यांच्या नोंदीत पुष्कळदा शोरूममधल्या माणसाचा नाहीतर एजंटचा मोबाइल टाकलेला असतो. म्हणून टोकन (विसार) देण्याआधीच विकणाऱ्याला त्याचा नंबर पोर्टलवर दुरुस्त करायला सांगा. त्यासाठी चेसिस आणि इंजिन क्रमांक, नोंदणीची तारीख आणि नोंदणीची वैधता लागते, हे सगळं आरसीवर असतं. आधारवर घरबसल्या अर्ज करायचा असेल तर विकणाऱ्याचं आरसीवरचं आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. आरसीवर नुसतं आद्याक्षर आणि आधारवर वडिलांचं पूर्ण नाव असेल तरी गाडी तिथेच अडते. मग कागद घेऊन कार्यालयात जावं लागतं.

कागद असे : फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन (नसेल तर फॉर्म ६०), फोटो आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला छाप. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला. शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मं : कारला ३०० रुपये, दुचाकीला १५०. स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च वेगळा. तुम्ही कर्ज काढून घेत असाल तर नवा बोजा चढवायला कारचे आणखी १,५०० आणि फॉर्म ३४ लागतो. एजंटची रक्कम यात धरलेली नाही. तो आठ-दहा हजार सांगत असेल तर सरकारी पावती किती रुपयांची हे आधी विचारा.

घेण्याआधी चार गोष्टी तपासा. प्रलंबित चलनं. नोंदणीची वैधता : खासगी गाडीला ती १५ वर्षांची असते, संपत आली असेल तर नूतनीकरण आणि पर्यावरण कर कुणी भरायचा ते आधी ठरवा. नंबरप्लेट : १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा प्लेट बसवलेली नसेल तर नावबदलाचं काम थांबवतात. कारला ती ७४५ रुपये अधिक जीएसटीला पडते आणि दुचाकीला ४५० अधिक जीएसटीला, पण मिळायला वेळ लागतो म्हणून विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या. चौथी गोष्ट सीएनजी. डिकीत टाकी आणि आरसीवर नुसतं 'पेट्रोल' असेल, तर ती गाडी सोडा किंवा मालकाला आधी आरसीवर नोंद करून आणायला सांगा.

पैशांबद्दल एक सल्ला. सगळी रक्कम ताब्याच्या दिवशी देऊ नका. थोडी रक्कम अर्ज होऊन शुल्काची पावती हातात पडेपर्यंत राखून ठेवा आणि ते करारात लिहा. विकणाऱ्याचंही हित यातच आहे : त्याने ताबापत्रावर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरचं रीडिंग लिहून घ्यावं. सकाळचं चलन कुणाचं आणि संध्याकाळचं कुणाचं, हे त्यावरून ठरतं.

प्रश्न : चिकोडीच्या नातेवाइकांची केए २३ पेट्रोल कार मिरजेत वापरतोय. तशीच चालवली तर चालेल का? नावावर करायला काय लागतं? — मिरज

उत्तर : सीमाभागात हा प्रश्न घरोघरी असतो. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर गाडी इथे सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्याआधी इथला नंबर घ्यावा लागतो (कलम ४७). पण मालकी बदलली असेल तर १२ महिन्यांचा हिशेब विसरा. विकणाऱ्याला ४५ दिवस आणि तुम्हाला ३० दिवस, तीच मुदत खरी.

सुरुवात चिकोडीच्या कार्यालयातून होते. तिथून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला घ्यायचा, त्यात 'सांगली' कार्यालयाचं नाव बरोबर घालायचं. कोल्हापूर लिहून आणलेला दाखला सांगलीत चालत नाही आणि पुन्हा चिकोडी गाठावी लागते. कर, चलनं आणि बोजा मोकळे असतील तरच दाखला निघतो. अर्ज दिल्यावर ३० दिवसांत मंजूर वा नामंजूर काहीच कळवलं नाही तर दाखला मिळाला असं कायदा मानतो (कलम ४८), पण सांगलीत ते सिद्ध करण्यासाठी अर्जाची पोच लागेल. ती जपा.

मग सांगलीत फॉर्म २७ (नवा नंबर) आणि २९, ३० (नावबदल) एकदम द्यायचे. मोटार वाहन निरीक्षक गाडी समोर बघतात, चेसिस क्रमांक पडताळतात, त्यामुळे गाडी न्यावीच लागते.

खर्चाचा मोठा भाग कर आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल कारला नवी असताना किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के एकरकमी कर लागतो. बाहेरून आलेल्या गाडीला तो वापराच्या वर्षांप्रमाणे कमी करून घेतात. किंमत मूळ बिलावरून धरतात, म्हणून शोरूमचं पहिलं बिल नातेवाइकांकडून शोधून घ्या. कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज तिकडे, इथला नवा नंबर मिळाल्याच्या पुराव्यासह करावा लागतो. हे पैसे कुणाचे, नातेवाइकांचे की तुमचे, हे आजच बोलून घ्या. नात्यातला व्यवहार म्हणून हाच मुद्दा राहून जातो.

जुनी आणि लहान गाडी असेल तर हा सगळा खर्च, हेलपाटे आणि नवी प्लेट धरून हिशेब मांडा. कधी कधी चिकोडीतच विकून इकडे एमएच १० घेणं स्वस्त पडतं.

प्रश्न : वडिलांच्या नावावर स्कूटर आणि कार. ते मार्चमध्ये वारले. मी मुंबईत, भाऊ गावी. भावाच्या नावावर दोन्ही करायच्या आहेत. त्यांच्या सहीचे जुने टीटीओ फॉर्म घरात आहेत, ते चालतील? — पाटण

उत्तर : ते फॉर्म बाजूला ठेवा. मालकाच्या मृत्यूनंतरची तारीख घालून त्याच्या सहीचा फॉर्म देणं हा गुन्हा ठरू शकतो. वारसाचा मार्ग सरळ आहे, त्याचा नमुना फॉर्म ३१.

गाडी वापरायची असेल तर मृत्यू आणि वापराचा इरादा ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्यायचा असतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, आईचं आणि तुमचं 'भावाच्या नावावर करण्यास हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र, आरसी, विमा, पीयूसी. विवाहित बहीण असेल तर तिचीही संमती हवी, ती विसरल्यामुळे अर्ज परत येतात. आरसीवर वडिलांनी नामनिर्देशित व्यक्ती नोंदवली असेल तर (२०२१ पासून ही सोय आहे) काम बरंच हलकं होतं. दोन गाड्यांचे अर्ज दोन.

वडिलांचं सिमकार्ड एवढ्यात बंद करू नका, दोन्ही गाड्यांचे ओटीपी त्यावरच येणार आहेत.

विम्याची अट कमी लोकांना ठाऊक असते : एकट्या विमाधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी, तेवढंच चालते. पॉलिसीवर वर्ष शिल्लक दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. मुदत उलटून गेली असेल तर भावाने कार बाहेर काढण्याआधी विमा कंपनीशी बोलावं.

प्रश्न : ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेतली. ट्रॅक्टरवर एका पतसंस्थेचा बोजा दिसतो, ती आता अवसायनात (बंद करून हिशेब मिटवण्याच्या प्रक्रियेत) आहे. कर्ज फिटल्याची पावती मालकाकडे आहे. दसऱ्याआधी नावावर होईल का? — विटा

उत्तर : पावतीवर बोजा उतरत नाही. ज्याचा बोजा त्याची लेखी संमती लागतेच (कलम ५१). संस्था अवसायनात गेली तरी तिच्या जागी अवसायक असतो, फॉर्म ३५ च्या दोन्ही प्रतींवर सही-शिक्का आणि दाखला त्याच्याकडून घ्यायचा. तो कोण हे सहकार खात्याच्या तालुक्याच्या निबंधक कार्यालयात कळतं. अवसायकाच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत अर्जाला लावा, म्हणजे आरटीओत शंका निघत नाही. बँक विलीन झाली असेल तर काम सोपं : देना बँकेचा बोजा असलेल्यांनी बँक ऑफ बडोदाकडे आणि सिंडिकेटवाल्यांनी कॅनराकडे जायचं. दाखल्यावर मुदत घातलेली असते, ती उलटण्याआधी अर्ज करा.

ट्रॉलीची आरसी कुठे आहे? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याला स्वतःचा नंबर आणि चेसिस क्रमांक असतो आणि नावबदलही स्वतंत्र करावा लागतो. ट्रॅक्टर नावावर आणि ट्रॉली जुन्या मालकाच्या, अशी अर्धवट कामं भरपूर सापडतात. गावात बनवून घेतलेली, कधीच न नोंदलेली ट्रॉली असेल तर तिच्यासाठी किंमत कमी करून मागा, कारण ऊसवाहतुकीत रस्त्यावर अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारते. विमाही दोन्हींचा बघा.

दसऱ्याचं म्हणाल तर बोजा हातावेगळा झाला की पुढचं काम लांबत नाही. अवसायकाकडे आजच जा.

प्रश्न : कार विकली. माझा ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यातली सवलत) होता. घेणारा म्हणतो विमा गाडीबरोबर आला, बोनसही आला. खरं काय? — कराड

उत्तर : विमा गेला, बोनस तुमचाच राहिला. थर्ड पार्टी भाग कलम १५७ मुळे गाडीबरोबर आपोआप जातो, तरी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायला अर्ज करायचा असतो. ज्याने तो केला नाही त्याचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो, आणि तो बरोबरच नाकारला जातो, कारण त्या भागाचा करार कंपनीने तुमच्याशी केलेला होता.

बोनस माणसाचा असतो. घेणाऱ्याकडून कंपनी उरलेल्या मुदतीचा फरक वसूल करते. समजा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० होता, ५० टक्के सवलतीने ४,००० भरला आणि सहा महिने उरलेत, तर त्याला सुमारे २,००० भरावे लागतील. तुम्ही विक्रीचा पुरावा देऊन बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्या. तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या कारला तो लागू होतो. दुचाकीला लावता येत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्या नावाचा होता, तो घेणाऱ्याला नव्याने घ्यावा लागेल.

आणि फास्टॅग बंद केलात का? टॅग गाडीच्या नंबरला आणि खातं तुमच्या पैशांना जोडलेलं असतं. घेणारा आनेवाडी, तासवडे हे टोलनाके ओलांडताना तुमच्या खात्यातून रक्कम जाईल. एका गाडीला एकच टॅग चालत असल्यामुळे तुमचा बंद झाल्याशिवाय त्याला नवा मिळणारही नाही.

प्रश्न : जुनी कार एका डीलरला दिली. तो म्हणतो, गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर करू. तोवर जबाबदारी कोणाची? — वाई

उत्तर : तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का, यावर सगळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं पाच वर्षांचं अधिकारपत्र लागतं. तसा डीलर असेल तर ताबा देतानाच पोर्टलवर फॉर्म २९सी भरून घ्या. तो भरला की गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तोच मालक मानला जातो. अधिकारपत्र नसेल तर कायद्याच्या लेखी तुम्ही एका परक्या माणसाला गाडी वापरायला दिली आहे, बाकी काही नाही. गाडी परत आणा.

प्रश्न : आरसीवरचा चेसिस क्रमांक आणि गाडीवरचा एका अक्षराने वेगळा आहे. घ्यावी का? — जत

उत्तर : कोणतं अक्षर ते पाहा. १७ अक्षरी चेसिस क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी मिसळतात. आरसीवर 'ओ' आणि गाडीवर शून्य असेल तर ती टंकनातली चूक. मूळ बिल आणि विमा पॉलिसीवरचा क्रमांक जुळवून सध्याच्या मालकाकडून नोंद दुरुस्त करून घ्या, नावबदल त्यानंतर.

फरक दुसऱ्याच अक्षरात असेल, ठोकलेल्या अंकांची ओळ वाकडी असेल, आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल, तर इंजिन क्रमांक बघायच्याही भानगडीत पडू नका. मोटारसायकलवर हा क्रमांक सहसा हँडलखालच्या नळीवर असतो. गंज चढला असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर मारू नका. अंक पुसट झाले की छाप उठत नाही आणि निरीक्षकही घासल्याची खूण पाहून गाडी बाजूला लावायला सांगतात.

प्रश्न : नावबदल मंजूर झाल्याचा मेसेज येऊन महिना झाला, कार्ड आलं नाही. — फलटण

उत्तर : कार्ड स्पीड पोस्टाने नोंदीतल्या पत्त्यावर येतं. घर बंद असेल किंवा पत्त्यात वाडी-वस्तीचं नाव नसेल तर ते आरटीओत परत जातं. पोस्टात आधी विचारा, मग अर्जाची पावती आणि ओळखपत्र घेऊन जिथे अर्ज केला त्या आरटीओ कार्यालयात. तोपर्यंत डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी पोलिसांना दाखवली तरी ती वैध आहे.